लांडग्याच्या जबड्याचं दार

४ नोव्हेंबर

गिस्लेनने मागे एका नाताळला ही रोजनिशी दिली होती. "बाबा, डोक्यात जे चालतं ते इथे लिहीत जा, म्हणजे सगळं आईला ऐकावं लागणार नाही," असं म्हणाली होती. मुलगी असली तरी जीभ माझीच आहे. मी ती वही स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवून दिली होती. आज काढली. टेबल डुगडुगतंय, डुगडुगू दे. उद्या कोणी म्हणायला नको की अन्सेल्म बोदिनो असं बोललाच नव्हता. चौदाव्या वर्षी शाळा सोडून मी अळंबी पिकवायच्या भुयारात कामाला लागलो, तेव्हा माझ्या शुद्धलेखनाच्या चुका कोणी काढू नयेत.

झालं ते असं. सर्व संतांच्या दिवशी मी शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत गेलो होतो. बायको, मोरिसेत, घरी सूप करत होती. फडकं गॅसवर पडून पेटलं, स्वयंपाकघरभर धूर झाला. तिने ते कसंबसं सिंकमध्ये ढकललं आणि बागेकडचं दार उघडायला गेली, तर दार उघडेना. समोरच्या दाराने ती गेल्या वर्षापासून जात नाही. तिथल्या दगडी पायऱ्या झिजल्यात, नगरपालिका बघत नाही. मी पोचलो तेव्हा ती काचेला कपाळ टेकून खोकत उभी होती. मी मूठ फिरवली, हिसका दिला, दार उघडलं. नदीवरून धुकं येतं, लाकूड फुगतं, दार आवळतं. शेंबड्या पोरालाही कळेल.

पण माझं नशीब असं की नेमके माझ्या पाठोपाठ गिस्लेन आणि तिचा नवरा नांतहून आले. हातात केकचा खोका, नाकात धूर. मग जेवण कसलं, न्यायालयच भरलं.

जावईबापू रेजिस विमा कंपनीत आहेत, म्हणजे त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. त्यांनी फोनवर एक प्लॅस्टिकचं सरकतं दार दाखवलं. बटण दाबलं की उघडतं.

"सुपरमार्केटसारखं," मी म्हणालो. "आणि वीज गेली की आम्ही काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

"बाबा, हे दार जुनं झालंय हो."

"मीही जुना झालोय. मलाही बदला."

मग साहेब उठले आणि आपण होऊन दार लावायला गेले. आधी डावं कवाड लावलं, मग उजवं. अर्थातच लागलं नाही. पुन्हा ढकललं. मी हातावर हात ठेवून बसून राहिलो. या माणसाच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, दर सणाला या घरात जेवतो, आणि अजून याला हे माहीत नाही की हे जबड्याचं दार आहे. एका कवाडाच्या उभ्या कडेला कोरलेली खोल खाच असते, तिला सुतार लांडग्याचा जबडा म्हणतात. दुसऱ्या कवाडाची कड गोल असते, ती मेंढी. दोन्ही कवाडं जरा उघडी धरून मेंढी जबड्यात बसवायची आणि दोन्ही हातांनी दोन्ही एकदम ढकलायची. मग वारा आत येत नाही, पाण्याचा थेंब येत नाही. आता असलं दार करणारा माणूस उरलेला नाही, आणि लावणाराही नाही, हे त्या दिवशी दिसलं.

गिस्लेन हसली नाही. म्हणाली, "बाबा, प्रश्न दाराचा नाहीये."

"मग कसला? धुराचा?"

तिने आईकडे बघितलं. मग सगळं बाहेर आलं. आंजे शहरात म्हाताऱ्यांसाठी एक निवास आहे, नर्स असतात, लिफ्ट असते. जानेवारीत एक खोली रिकामी होतेय. एकाच माणसाची. आईची. मी रविवारी बसने भेटायला जाऊ शकतो म्हणे. वा! माझ्याच बायकोला भेटायची वेळ ठरवून देणार.

मी काही बोलायच्या आत मोरिसेत म्हणाली, "अगं, दार घट्ट झालंय, एवढंच. अन्सेल्म दुरुस्त करेल."

सगळे आपापल्या ताटलीत बघायला लागले. शेवटी गिस्लेन म्हणाली, "ठीक आहे. नाताळला मी येईन. आईने माझ्यासमोर दार एकटीने उघडायचं, बाहेर जायचं, एकटीने लावायचं. जमलं तर निवासाचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर तुम्ही मधे यायचं नाही, बाबा."

"जमेल," मी म्हणालो. दार आहे, नांतचा विमा नाही.

८ नोव्हेंबर

दोन्ही कवाडं बिजागरीवरून उचलून खाली काढली. उचलताना पाठीत उसण भरली, ते कोणाला सांगितलेलं नाही. बिजागरीच्या खिळ्यांवर पितळेच्या चकत्या घातल्या आणि कवाडं परत चढवली. झुकलेलं कवाड वर येतं, खाली उंबऱ्याला घासत नाही. खरं तर आधीही घासत नव्हतं, पण सुरुवात इथूनच करायची असते.

शेजारचा पास्करो कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर लोकांच्या दारापर्यंत गेला, दारातलं काही कळलं नाही. ऐन पावसात स्वतःच्या दारावर रंधा मारणारा हाच तो महाभाग. उन्हाळ्यात लाकूड सुकलं आणि फटीतून त्याची मांजर ये-जा करायला लागली.

"काय बोदिनो, दाराचं बारसं आहे का?"

"तुझ्यासारखं श्राद्ध घालत नाहीये एवढं खरं."

"मोरिसेत कशी आहे?"

"उत्तम. दार आजारी आहे."

त्याने कुंपणावरची कोपरं काढली आणि घराकडे वळला. त्याला पळवून लावलं की मला कायम बरं वाटतं.

१२ नोव्हेंबर

काल युद्धविरामाचा दिवस. युद्धाच्या स्मारकाशी महापौरांनी दरवर्षीचं तेच भाषण वाचलं. मधलं एक पान राहिलं, कोणाला कळलंही नाही.

आज उंबऱ्यातली पाणी जायची भोकं साफ केली. पावसाचं पाणी खालच्या पन्हाळीत उतरतं आणि त्या भोकांतून बाहेर जातं. ती बुजली की लाकूड पाणी पितं. त्यांत मुंग्या, कोंबड्यांची पिसं आणि रेजिसच्या सिगारेटचं थोटूक सापडलं. भोकात घालायला बारीक काही हवं होतं, तर मोरिसेतने विणायच्या सुया आणून दिल्या.

"अगं, तुला लागतील."

"मला नको. हल्ली लोकर फार निसरडी येते."

खरं आहे. हल्ली कशालाच पकड नाही. कारखान्यात काय मिसळतात कोण जाणे.

काचांच्या कडेची सुटलेली लांबी, म्हणजे पुट्टी, पटाशीने खरवडली, नवी भरली. मुठीच्या आतल्या दांडीला तेल दिलं. मूठ फिरवली की दांडी वर चौकटीत आणि खाली उंबऱ्यात जाते. आता ती लोण्यासारखी फिरते. मी करंगळीने फिरवून बघितली. मोरिसेतला म्हटलं, बघ. तिने हात लावला, म्हणाली, "अजून जरा घट्ट वाटतंय." मग म्हणाली, "पण पहिल्यापेक्षा खूप बरं आहे हं."

१६ नोव्हेंबर

आज खडूची परीक्षा केली. दार नेमकं कुठे आवळतं हे कळायचा हाच एक रस्ता. दोन्ही कवाडांच्या सगळ्या कडांना निळा खडू चोळायचा, दार लावायचं, उघडायचं. जिथे घासतं तिथे चौकटीवर निळं उमटतं. तेवढंच तासायचं, बाकी हात लावायचा नाही.

काहीच उमटलं नाही. वर नाही, खाली नाही, बिजागरीच्या बाजूला नाही. जबड्यातही नाही. पुन्हा चोळलं, पुन्हा लावलं. चौकट धुतल्यासारखी स्वच्छ.

खडू भिकार आहे. मोठ्या दुकानातून आणला होता, जिथे एकाही विक्रेत्याला पटाशी आणि चमचा यांतला फरक सांगता येत नाही. मी तिथल्या मुलाला विचारलं होतं, खडू चांगला आहे ना, तर तो म्हणाला, "आजोबा, खडू तो खडू." अशा लोकांनी देश चालवलाय.

२० नोव्हेंबर

सगळ्या वस्तूंनी एकदम संप पुकारलाय.

सुऱ्या बोथट झाल्या. मोरिसेतला मांस कापता येईना, मी कापून दिलं. नंतर सगळ्या सुऱ्यांना धार लावली, दाढी होईल इतकी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोथट. जॅमच्या बाटल्यांची झाकणं इतकी आवळून लावतात की त्यांना बहुतेक जॅम विकायचाच नसतो. सकाळी कॉफीचा वाडगा तिच्या हातून सुटून फुटला. लग्नात तिच्या मावशीने दिलेला. चकाकी इतकी गुळगुळीत की हातात राहत नाही. मी तेव्हाच म्हणालो होतो की मावशी कंजूष आहे.

आणि आता पाकिटातलं सूप. या घरात! आमच्या मळ्यात कांद्याच्या जाड पातीसारखे लीक उभे आहेत, ते उपटायचे, सोलायचे, चिरायचे सोडून ही बाई पाकिटातली भुकटी उकळत्या पाण्यात टाकते.

"म्हातारपणी आळशी झालीस," मी म्हणालो.

"झाले बाबा," ती हसून म्हणाली. "आयुष्यभर लीक सोलले. आता तू सोल."

मी सोलले. आजच्या पिढीच्या सुरीने.

२५ नोव्हेंबर

लिहायला लाज वाटते पण लिहितो. आज ओल्या हवेत रंधा मारला.

कुठे घासतं ते दिसत नाही, पण तिला घट्ट लागतं, म्हणजे घासत असणारच. नाताळ काही थांबणार नाही. कवाडं काढून पडवीत ठेवली आणि कडेकडेने पातळ पातळ साल काढली. रंध्यातून कुरळे केस निघावेत तसं लाकूड निघत होतं. सुंदर लाकूड, मधासारखं. हे दार आम्ही घर घेतलं तेव्हा बसवलं. तोवर इथे दगडी भिंत आणि पोपट मावेल एवढी खिडकी होती. मोरिसेत म्हणाली होती, "तू दिवसभर भुयारात असतोस. घरी आल्यावर तरी तुला उजेड दिसू दे." भिंत फोडायला उन्हाळा गेला.

अर्थात पास्करो हजर झालाच. मला वाटलं, आता हा सूड उगवणार.

"बोदिनो, धुक्यात रंधा?"

"माझं दार आहे."

"उन्हाळ्यात फट पडेल रे."

"पडू दे. तुझी मांजर येईल."

तो हसला नाही. म्हणाला, "मोरिसेतला डॉक्टरकडे परत कधी जायचंय? मी गाडीने सोडतो."

परत म्हणजे काय? गेली कधी होती? मी म्हटलं, तू आपली पत्रं वाट. निवृत्त झाला तरी लोकांच्या घरात डोकवायची सवय जात नाही.

३ डिसेंबर

दार आता इतकं सैल आहे की फुंकर मारली तर उघडेल. खालून वारा येतो. मोरिसेतच्या पायांशी जुनी चादर गुंडाळून ठेवली. तिला म्हटलं, आता उघड.

म्हणाली, "आत्ता नको. हात कणकेचे आहेत."

कणीक कुठेच दिसत नव्हती.

९ डिसेंबर

सकाळी कोंबड्यांकडे होतो. खुराड्यातून घराचं दार दिसतं, आतून मात्र खुराडं दिसत नाही, मधे लॉरेलचं झाड आहे.

मोरिसेत आत दारापाशी आली. इकडेतिकडे बघितलं. डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि मुठीवर ठेवला, जसं आपण टेबलावर काहीतरी ठेवतो. बोटं मिटली नाहीत. तिने डाव्या हाताने ती एकेक करून मुठीवर मिटवली. मग फिरवायचा प्रयत्न केला. बोटं उघडली, हात खाली पडला. तिने पुन्हा उचलला. पुन्हा तसंच. मग डाव्याने फिरवून बघितलं, तोही थरथरत होता. मग काचेला कपाळ टेकलं आणि उभी राहिली.

नंतर मी झाडामागून निघालो. मला बघितल्यावर तिने चेहरा नीट केला, आतून हात हलवला आणि तोंडाने काहीतरी म्हणाली. "घट्ट आहे," असं असावं.

मी बाहेरून मूठ फिरवून दार ढकललं. म्हणालो, "हो. फारच घट्ट आहे."

१० डिसेंबर

काही केलं नाही. पाऊस.

१३ डिसेंबर

करवत, पटाशी, लोखंडी खिट्ट्या, लोहचुंबकाची एक पकड. भुयारात कंबरेला दिवा बांधायचा जुना चामडी पट्टा माळ्यावरून शोधून काढला. अजून त्याला अळंब्यांच्या खताचा वास येतो.

आज जबडा कापला.

याबद्दल फार लिहीत नाही. दोन्ही ओठ करवतीने उतरवले, मग मेंढीची गोल कड रंध्याने सपाट केली. डावं कवाड वरखाली खिट्ट्या ठोकून कायमचं बंद केलं आणि त्याच्या कडेला फट झाकायला बाहेरून एक पट्टी मारली. आता उजवं एकटंच उघडतं. मूठ, दांडी सगळं काढून टाकलं. मुठीच्या जागी भोक राहिलं, त्यात लाकडाचा गुळगुळीत तुकडा बसवला, पांढऱ्या दारात तपकिरी, गालावरच्या चामखिळीसारखा. पट्ट्याचे दोन फास केले, एक आतून, एक बाहेरून, कोपराच्या उंचीवर. फासात कोपर घालून ओढलं की चुंबक सोडतो आणि दार आत येतं. बाहेर गेल्यावर दुसऱ्या फासात मनगट अडकवून ओढलं की लागतं. परत येताना कुल्ल्याने धक्का मारायचा, आत आल्यावर पाठ लावायची. बोटांचं काम नाही. रात्री आडवा अडसर मी टाकतो.

इतकं कुरूप दार मी जन्मात बघितलेलं नाही. तबेल्याला शोभेल.

पास्करो आला. जमिनीवर पडलेला जबड्याचा तुकडा त्याने उचलला, वळवून बघितला, नाकाला लावला. ताजा, कोरडा, कुठे कीड नाही, कुज नाही.

"का रे कापलंस?"

"कुजलं होतं."

तो तुकडा त्याने बराच वेळ हातात धरून ठेवला.

"हो," तो म्हणाला. "पार कुजलंय." आणि तुकडा खिशात घालून निघून गेला.

खोटारडा.

१७ डिसेंबर

सराव चालू आहे. मी मात्र त्याला सराव म्हणत नाही. मी म्हणतो, कोंबड्या अंडी लपवून ठेवताहेत, तू जाऊन बघ, मला वाकवत नाही. ती जाते. पहिल्यांदा फास कोपराऐवजी खांद्यात अडकला आणि ती दाराबरोबर फिरली. दोघंही हसलो. ती म्हणाली, "दार हलकं झालंय रे."

"हलकं? हलकट झालंय," मी म्हणालो. "आधी खानदानी होतं."

२५ डिसेंबर

रेजिस सुरीने ऑयस्टरचे शिंपले उघडत होता. म्हणजे ऑयस्टर रेजिसला उघडत होते. हाताला फडकं, फडक्याला रक्त. मी काही बोललो नाही, नाताळ होता.

जेवणाआधीच गिस्लेन उठली. चेहरा पांढरा. म्हणाली, "चल आई."

मोरिसेतने ॲप्रन काढला, केस सारखे केले. दारापाशी गेली. तिने फासात कोपर घातलं, जशी एखादी बाई नाचायच्या आधी जोडीदाराच्या हातात हात घालते. ओढलं. दार उघडलं. बाहेर गेली, मनगट अडकवलं, दार लागलं. चुंबकाचा टक् आवाज आला. काचेपलीकडून तिने आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि थोडा वेळ बाहेरच थांबली, थंडीत, मुद्दाम. मग कुल्ल्याने धक्का मारला, आत आली, पाठ लावली. टक्.

"झालं?" ती म्हणाली. "की कोंबड्यांनाही बोलावू?"

गिस्लेन रडायला लागली. तिला आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडताना मी शेवटचं कधी बघितलं आठवत नाही. ती आईच्या हाताकडे बघत होती, पण बोलली फक्त एवढंच, "सकाळी मदतीला एक बाई ठेवू, आई. फक्त सकाळी. घरीच."

"ठेव," मोरिसेत म्हणाली. "पण लीक अन्सेल्मच सोलेल."

मग जावईबापूंचं लक्ष दाराकडे गेलं. ते जवळ गेले, पट्टीवरून बोट फिरवलं, लाकडी चामखीळ बघितली.

"बाबा, हे काय करून ठेवलंत? इतकं सुंदर दार होतं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगायचो, माझ्या सासऱ्यांकडे जबड्याचं दार आहे म्हणून. एखाद्या सुताराला तरी विचारायचंत. हे म्हणजे..." त्याला शब्द सापडेना.

सांगायचा म्हणे ऑफिसात. मला हे कधी माहीत नव्हतं.

"तबेला," मी मदत केली. "लाकूड कुजलं होतं."

"कुजलं? मागच्या वेळी तर..."

"रेजिस," गिस्लेन म्हणाली, "ऑयस्टर बघ."

६ जानेवारी

आज तीन राजांचा सण, त्याचा केक आणला होता. आत लपवलेला दाणा ज्याला मिळेल तो राजा. तो माझ्या तुकड्यात आला, तेव्हा कागदाचा मुकुट घालून हे लिहितोय. मोरिसेतचा केक मीच कापून दिला. सुऱ्यांबद्दल आज कोणी काही बोललं नाही.

दुपारी पास्करो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. मीही गेलो, मागच्या सीटवर. तो गाडी चालवतो तीही पत्र टाकल्यासारखी, प्रत्येक दाराशी थांबत.

परत आल्यावर मोरिसेत बागेत जाऊन आली. टक्, आणि पुन्हा टक्. खालून वारा येतो तो माझ्या घोट्यांना लागतो. उन्हाळ्यात फट वाढेल, पास्करोची मांजर नक्की येणार.

ती माझ्या समोर बसली. मुकुट माझ्या कानावर आला होता, तो तिने मनगटाने सारखा केला.

"अन्सेल्म, ते लाकूड खरंच कुजलं होतं का रे?"

"दार जेवढं घट्ट होतं ना," मी म्हणालो, "तेवढंच कुजलं होतं."

तिने वळून दाराकडे बघितलं. मग मोठ्याने हसली, आणि मग कॉफी मागितली.

कॉफी दिल्यावर हत्यारांचा डबा आवरला. निळा खडू टाकून द्यायला बाजूला ठेवला होता, तो पुसून परत डब्यात ठेवला. चांगला खडू आहे.